दुसऱ्याच्या मनगटावरचं अत्तर

मौलेतात्या अत्तर माझ्या मनगटाला लावायचे आणि मग माझ्यावरच खेकसायचे, "बोल! काय वास येतोय?"

"चांगला येतोय, तात्या."

"चांगला? चांगला हा काय वास असतो का? नाक हाय का भिताड?"

असं म्हणून ते माझा हात झिडकारायचे. जणू तो मीच बळजबरीने त्यांच्यापुढे केला होता. मग दुसरी बाटली, माझाच दुसरा हात आणि पुन्हा तोच तमाशा. स्वतःच्या हाताला त्यांनी कधी थेंब लावला नाही. विचारलं तर म्हणायचे, "माझी कातडी ॲसिडनं जळलेली हाय. तिच्यावर काय कळणार? तुझी बघ, लोण्यासारखी. काम न करणाऱ्या माणसाची अशीच राहते."

सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअरमध्ये कारकून होतो आणि तात्या प्लेटिंग शॉपचे, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या खात्याचे, फोरमन. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तात्या कुणालाही नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. मी 'ए स्टोअर', हिशेबनीस 'ए पगार', आणि कँटीनचा मालक 'ए पाणचट'. कारण कँटीनमधली प्रत्येक भाजी तात्यांना पाणचट लागायची. मिसळीवर सगळे लोक घाबरत घाबरत तर्री घ्यायचे, तात्या वाटीभर ओतून घ्यायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायचे आणि शेवटी वाटी आपटून म्हणायचे, "कशालाच चव नाय राहिली!"

रागवायला त्यांना कारण लागत नसे. बस उशिरा आली की राग. वेळेवर आली की पळावं लागलं म्हणून राग. सुट्टीच्या दिवशी तर त्यांना कुणावर रागवावं हेच कळत नसे, आणि त्याचा राग वेगळा.

पण अख्ख्या कारखान्यात त्यांच्या नाकाचा दबदबा होता. निकेलच्या टाकीवर वाकून, डोळे मिटून ते एक खोल श्वास घेत आणि म्हणत, "ॲसिड जादा झालंय." लॅबवाला तपासून बघायचा, तर खरोखरच जादा झालेलं असायचं. मुंबईहून पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम प्लेटिंग शॉपमध्ये आणायचे, हे नाक दाखवायला. तात्या पाहुण्यांवरही रागवायचे. टाकीजवळ सेंट मारून येतात म्हणून.

तर अशा या नाकाने मला अत्तरासाठी का धरावं, हे मला बरेच दिवस कळलं नाही. अत्तर का शोधतायत, एवढंच कळलं होतं. त्यांच्या वैशालीचं लग्न ठरलं होतं.

तात्या मूळचे मखमलाबादचे. घरचा फुलांचा मळा. निशिगंध, म्हणजे त्यांच्या भाषेत गुलछडी. मळ्यातल्या कुठल्याही पोरीचं लग्न असलं की मांडवाच्या दारात पितळी घंगाळात गुलछडीच्या काड्या उभ्या करून ठेवायच्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायची. बहिणींच्या, पुतण्यांच्या, सगळ्यांच्या लग्नात तेच झालं होतं. मग भावांनी मिळून मळा विकला आणि तिथे रो-हाउसेस उभी राहिली. बिल्डरने कमानीवर नाव लिहिलं, 'सुगंध पार्क'.

"गटारीवर फरशी नाय, आणि नाव सुगंध!" तात्या त्या रस्त्याने जाताना कमानीवर थुंकायचे. सायकलवरून. चालत्या सायकलवरून ते जमायला सराव लागतो.

"बाजारातून विकत घेतलेली गुलछडी मी माझ्या पोरीच्या दारात ठेवणार नाय," त्यांनी मला सांगितलं. "दुसऱ्याच्या शेतातली! त्यापेक्षा अत्तर लावतो, बाकीचे लावतात तसं. पण वास आमच्या मळ्याचाच पायजे. मखमलाबादच्या सगळ्या म्हाताऱ्या येणार हायेत. त्यांनी हात नाकाला लावला अन् तोंड वाकडं केलं, तर मांडव पेटवून देईन."

पेटवून देतीलही, असं मला वाटलं. म्हणून मी गेलो.

भद्रकालीत एका बोळात चाचांचं अत्तराचं दुकान होतं. दोन माणसं बसली की भरायचं. तिसरा आला तर पहिल्याने उठायचं. चाचा शांत माणूस. काचेची दांडी बाटलीत बुडवायचे, हळूच मनगटावर टेकवायचे आणि म्हणायचे, "मलना नहीं. चोळायचं नाय, साहेब. बसू द्या त्याला."

मी चोळायचो. ते पाहून चाचा डोळे मिटून घ्यायचे आणि तात्या उघडायचे.

पहिल्या दिवशी खस लावलं. "बोल," तात्या म्हणाले.

"कूलरसारखा येतोय."

"कुणाच्या कूलरसारखा?"

आता कूलर कुणाचा यावर वास अवलंबून असतो हे मला कुठे माहीत? मी म्हणालो, "आमच्या साडूच्या." तात्यांनी दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. हिना लावली तेव्हा मी "गरम वास आहे" म्हणालो. केवड्याला "टोचतो" म्हणालो. ही दोन उत्तरं त्यांना थोडी पटली असावीत, कारण ते फक्त "हूं" म्हणाले. त्या हुंकाराने मी असा फुगलो की मजमुआ लावल्यावर डोळे वर करून म्हणालो, "जुन्या प्रेमाच्या आठवणीसारखा."

बोळातली माणसं दारात जमा झाली. "प्रेमाचा वास येतो का रे? कधी घेतलास? कुठल्या बाजूनं घेतलास?" तात्या विचारत होते. चाचांनी सगळ्यांना सांगितलं, कुछ नहीं, शादी का मामला है.

गुलछडीच्या बाटल्याही पुष्कळ होत्या. या गावची, त्या गावची, चंदनात उतरवलेली, नुसत्या तेलातली. माझे दोन्ही हात, कोपराच्या आतली बाजू, दंड, सगळीकडे बॉलपेनने गोल काढून तात्या आत खुणा करायचे. आणि जाताना दम द्यायचे, "अत्तर खरं का खोटं ते संध्याकाळी कळतं. धुवायचं नाय. फोन करीन."

आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या कुलकर्णीकाकूंकडे होता. तात्या फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत की रिसीव्हर कानाला लावायची गरजच नसे, आणि काकू शेजारी भाजी निवडत बसलेल्या असायच्या.

"डाव्या कोपराचं काय झालं?"

"कमी झालाय, तात्या."

"वास मारतोय का अजून?"

"थोडा."

"अन् दंडाचं? तिथं काल आंबूस येत होता म्हणालास!"

आठवडाभरात काकूंनी रिसीव्हर फडक्याने पुसायला सुरुवात केली. मग एक दिवस आमच्या सौभाग्यवतींच्या हातात गुपचूप मलमाची डबी दिली. "लाज नको वाटू देऊस गं," म्हणाल्या, "वेळेवर लावलं तर बरं होतं." बायकोने ती डबी माझ्यासमोर आदळली आणि त्या दिवसापासून मौलेतात्यांच्या जोडीला मला घरातही एक मौलेतात्या मिळाले.

खरा कळस झाला रामकुंडावर. बायकोच्या काकांचा दहावा होता. आदल्या संध्याकाळी तात्यांनी माझ्या दोन्ही कोपरांवर दणकट माल लावून ठेवला होता आणि बजावलं होतं, "आंघोळीत कोपर भिजवायचं नाय." मी आज्ञाधारक माणूस. पहाटे दोन्ही हात वर धरून आंघोळ केली. शरण आल्यासारखी.

पिंड ठेवला. कावळा येईना. एरवी तिथले कावळे पिंड ठेवायचीसुद्धा वाट बघत नाहीत. मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा नाही. सून म्हणाली, "पपा, वाटण्यांवरून भांडणार नाही." यावर दोन्ही दिरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण कावळा नाही. जावयाने व्यसन सोडायचं कबूल केलं. इच्छा संपत आल्या, तरी कावळे दूर भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होते. तेवढ्यात गुरुजींनी हवेत नाक वर केलं आणि म्हणाले, "इथे अत्तर लावून कोण आलंय?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सासऱ्यांनी माझं बखोट धरलं, मला पार पुलापर्यंत नेऊन उभं केलं आणि परत फिरले. ते पोचायच्या आत कावळा शिवला. आता खरं कारण मीच होतो की जावयाचं व्यसन, हे त्या कावळ्याला माहीत. पण आमच्या सासुरवाडीत माझं स्थान कायमचं ठरलं.

हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी सहानुभूती दाखवायला हवी होती. ते म्हणाले, "कावळा आला नाय म्हणजे माल खोटा होता. खऱ्या फुलाला पाखरू भीत नाय."

त्यानंतरच्या रविवारी मला सडकून सर्दी झाली. नाक दोन्ही बाजूंनी बंद. न जावं तर तात्या घरी येऊन ओरडतील, आणि आधीच काकूंचा गैरसमज वाढलेला. म्हटलं, जाऊ. एवढे दिवस वास येत असून शिव्या खातो आहे, आता न येता खाऊ. फरक काय?

चाचांनी एक नवी बाटली काढली आणि माझ्या मनगटाला दांडी टेकवून मागच्या खोलीत दुसऱ्या आणायला गेले. मी हात नाकाशी नेला. ढिम्म काही नाही. कोमट पाणी लावल्यासारखं. मी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि म्हणालो, "वा!"

तात्या ओरडले नाहीत. म्हणून मी डोळे उघडले. ते माझ्याकडे टक लावून बघत होते.

"तुला सर्दी झालीय."

"नाही हो."

"खोटं बोलतो, भाड्या! तुला काय बी वास आलेला नाय."

"कशावरून?"

"डोळे आधी मिटलेस. ज्याला वास येतो, त्याचं आधी नाक हलतं, मग डोळे मिटतात. ज्याला येत नाय, तो आधी डोळे मिटतो. अन् मग वा म्हणतो. मोठ्यांदा म्हणतो."

"तुम्हाला बरं माहीत!"

मी आपलं चेष्टेत म्हणालो. तात्यांनी चाचांची एक बाटली उचलली, बूच काढून ती नाकाखाली धरली. डोळे मिटले. "वा," म्हणाले. आणि बाटली खाली ठेवली.

मला तरी पटकन उमगलं नाही. माझं डोकंही नाकासारखंच चोंदलेलं. मग एकदम सगळं आठवलं. पाणचट. तर्रीची वाटी. माझीच मनगटं.

"पण टाकी, तात्या? ॲसिड जादा झालेलं कसं कळतं?"

"बुडबुडे बघतो. आधी बघून घेतो, मग वाकतो." आणि मग त्यांना जो राग आला, तो मी आधी कधी पाहिला नव्हता, कारण तो हळू आवाजातला होता. "त्याच टाकीनं खाल्लं नाक. आधी फुलं गेली, मग जेवण गेलं. अन् साहेब पाहुण्यांना दाखवतो माझं नाक! हसावं का त्याच्या थोबाडीत मारावी?"

"घरी माहीत आहे?"

"नाय."

"अहो, मग वैशालीलाच आणा ना इथे. तिला मळ्याचा वास माहीत असेल."

तेव्हा मात्र नेहमीचा आवाज परत आला. "तिला आणू? लहान होती तेव्हापासून रोज संध्याकाळी गजरा करते अन् आधी माझ्या नाकाशी धरते. आईच्या नाय, देवाच्या नाय, माझ्या! बाबा, कसा आहे? मी रोज वा म्हणतो. आता लग्नाच्या तोंडावर सांगू, की बाई, तुझा एक बी गजरा मला आलेला नाय? सांगू का? तू बोल! स्टोअरमध्ये बसून कळतं का तुला काही?"

चाचा दारात दोन बाटल्या घेऊन उभे होते. त्यांनी त्या बाटल्या हळूच परत आत नेल्या.

माझी सर्दी गेल्यावर आम्ही नव्याने सुरुवात केली. आता तात्यांनी मला त्यांच्या मळ्याचा वास शिकवायला घेतला. अर्थातच ओरडून. "आधी हिरवा येतो! काडी मोडल्यासारखा! कळतंय का? मग लोणी कढवल्यासारखा, पण तूप व्हायच्या आधीचा! अन् सगळ्यात खाली ओल्या गोणपाटाचा. टोपली झाकतात त्याचा. गोणपाट नसला तर ती आमची गुलछडी नाय!"

मी हुंगायचो आणि खरं तेच सांगायचो. काडी आहे, लोणी नाही. लोणी आहे, पण जळकं. एका बाटलीला सकाळी काहीच नव्हतं. संध्याकाळी काकूंच्या फोनपाशी उभं राहून मी उजवं मनगट नाकाशी नेलं आणि म्हणालो, "तात्या, ओलं गोणपाट."

पलीकडून एवढंच आलं, "नक्की?"

"नक्की."

काकूंनी निवडलेली मेथी उचलली आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

तात्यांनी ती बाटली माझ्या नाकाच्या भरवशावर घेतली. लग्नाच्या दिवशी पंचवटीतल्या कार्यालयाच्या दारात ते फेटा बांधून, हातात अत्तरदाणी घेऊन उभे होते. वासात माझं चुकलं असेल तर? मांडव पेटवण्याबद्दल ते बोलले होते. मी आपला बाहेर पडायच्या वाटेजवळ उभा राहिलो.

"उजवा हात! उजवा म्हणालो ना? चोळू नका! पुढं सरका!" तात्या पाहुण्यांचं स्वागत करत होते. मला तर त्यांनी मनगटावर अशी दांडी घासली की अख्ख्या बाहीला तेल लागलं. "कामाचा नाय अन् धामाचा नाय, दार अडवून उभा!"

मग मखमलाबादची जीप आली. तात्यांची थोरली आत्या, काठी टेकत, दोन बायकांच्या आधाराने उतरली. तात्यांनी तिच्या हातावर दांडी टेकवली. ते तिच्या हाताकडे बघत नव्हते. नाकाकडे बघत होते. मीही.

म्हातारीचं नाक हललं. मग डोळे मिटले.

"भिका," ती तात्यांना म्हणाली, "मळा कुठून आणला रं दारात?"

"पुढं सरक, आत्या! मागं माणसं खोळंबलीत!" तात्या ओरडले, आणि पुढच्या दोन पाहुण्यांना अत्तर लावायचंच विसरले.

पाठवणीच्या वेळी वैशाली सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर दाराशी आली. तिने तात्यांच्या हातातून अत्तरदाणी घेतली. "बाबा, सगळ्यांना लावलंत, तुम्हाला कुणी लावलं?" असं म्हणून तिने त्यांच्या त्या जळक्या, चट्टे पडलेल्या मनगटाला दांडी लावली. तात्यांनी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "वा."

"डोळे उघडा, बाबा," वैशाली म्हणाली. "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"शाळेच्या गॅदरिंगला मी प्लॅस्टिकचा गजरा घातला होता. तुमच्या नाकाशी धरला. तुम्ही त्यालाही वा म्हणालात."

बँडवाले नेमके तेव्हाच थांबले होते. तात्यांचा चेहरा लाल झाला आणि ते आयुष्यात ओरडले नसतील एवढ्या मोठ्याने ओरडले. "मग तरी रोज कशाला धरायचीस नाकाशी?"

व्याही दचकले. नवरामुलगा एक पाऊल मागे सरकला. वैशाली रडत होती, पण हसत म्हणाली, "तेवढा वेळ तुम्ही ओरडायचं थांबायचात ना."

तात्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. गाडी निघाली, वळली, दिसेनाशी झाली, तरी ते दारातच उभे होते. आचारी पैसे मागायला आला आणि घाबरून परत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुलकर्णीकाकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली. फोन. मी रिसीव्हर कानाला लावला आणि सवयीने जरा दूर धरला. पण पलीकडचं ऐकू येईना, म्हणून पुन्हा जवळ घ्यावा लागला.

"ए स्टोअर. मनगटाचं काय झालं?"

"आंघोळीत गेलं, तात्या. पण कालच्या शर्टाच्या बाहीला आहे अजून."

"बघ."

मी घरी जाऊन शर्ट आणला, काकूंच्या देखत बाही नाकाला लावली. काडी, लोणी, गोणपाट, सगळं नीट सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि त्या क्षणी मला एकही शब्द सुचला नाही.

"चांगला येतोय," मी म्हणालो, आणि शिवी ऐकायला कान घट्ट केला.

त्यांच्या घरात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"बरं," ते म्हणाले. "तो शर्ट इतक्यात धुवायला टाकू नको."